बेडकुळी आणि अढी

दंड दुमडून बेडकुळी दाखवायची हौस लहानपणी कुणाला नसते? मराठी माणसाला तिथे बेडूक दिसला. रोमन लोकांना उंदीर. लॅटिनमधल्या ‘मस्क्युलस’चा अर्थच छोटा उंदीर, आणि इंग्रजीतला ‘मसल’ त्याच बिळातून निघालेला. प्राणी कोणताही असो, कौतुक दंडाचं. मांडीच्या आतल्या अंगाला पाच स्नायूंचा एक गट आहे. जांघेपाशी ओटीपोटाच्या हाडापासून तो निघतो. त्यातले चार मांडीच्या हाडाला चिकटतात, पाचवा गुडघ्याखाली उतरतो. दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढणं हे त्यांचं काम. त्यांची बेडकुळी कुणी दाखवत नाही. मल्लखांब मात्र त्यांच्याच जिवावर चालतो.

या व्यायामाची जन्मकथा मोठी रंगतदार आहे. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले. कोवळ्या वयाच्या बाळंभट देवधरांनी ते उचललं, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली आणि तिथे खुद्द मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव शिकवले. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं. गुलाब लढलाच नाही. मारुतीची साक्ष काढता येणार नाही. पण खांब त्याहून बराच जुना: चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख आहे. तेव्हा बाळंभटदादांना जनक म्हणण्यापेक्षा पुनरुद्धारक म्हणणं बरं.

कुस्तीगिराला खांब कशाला हवा? कारण खांब दमत नाही, कुरकुरत नाही आणि सुटू पाहणाऱ्या घामट अंगासारखा निसटतो. जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उभं सागवान किंवा शिसवी लाकूड, खाली जाड, वर निमुळतं. अंग, मान आणि माथ्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळलेलं.

पहिला महत्त्वाचा धडा अढीचा. मराठीत अढी मनात बसते, आंबेही अढीत पिकतात. इथे ती मांड्यांनी मारायची. हातांनी खांब धरून कंबर वर उचलायची, डोकं खाली, पाय वर, आणि खांब मांड्यांत आवळायचा. अंग उचलताना पाठीचे ते रुंद स्नायू राबतात जे कमरेपासून निघून दंडाच्या हाडाला जाऊन मिळतात; पोटाचे स्नायू धड दुमडतात. मग हात सुटतात. आता सगळं वजन त्या पाच स्नायूंच्या जोड्यांवर. तेलामुळे घर्षण कमी, म्हणून आवळ जास्त हवी. अढी सोडवायची तर ते काम वेगळ्या स्नायूंचं, कारण स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मांडी आत ओढणारे एक, बाहेर नेणारे दुसरे, नितंबाच्या बाजूचे. फिरकीसारख्या उड्यांत या दोघांची पाळी क्षणाक्षणाला बदलते.

घोड्यावरच्या शिलेदाराचे हात लगाम आणि भाल्यात गुंतलेले असत. बैठक सांभाळायची ती मांड्यांनीच. घोडदळाच्या मुलखात हा व्यायाम रुजला, यात नवल वाटू नये.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला आणि खांबही त्याच्यामागे गंगाकाठी पोहोचला. लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे तिथे मल्लखांब शिकले असं परंपरा सांगते. पुढे आखाड्यांची जागा व्यायामशाळांनी घेतली. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. खांबाऐवजी वेताला लटकून करायच्या मल्लखांबात वेताची जागा दोरीने घेतली आणि मुलींमध्ये तो प्रकार विशेष रुजला.

अढीत माणूस निश्चल लटकलेला असताना स्नायू आत काय करत असतो, हे कोडं १९५४ मध्ये उलगडू लागलं. ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन ही एक जोडी, अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ नीडरगेर्के ही दुसरी. दोन्ही जोड्यांचे लेख ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. स्नायूतले धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, असं त्यांनी दाखवलं. जाड धाग्यांना बारीक हात असतात, हे पुढच्या संशोधनातून दिसलं. विहिरीतून पोहरा ओढावा तसे ते बारीक धागा धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. पोहरा वर येत नसला तरी हात थांबत नाहीत, इंधन जळतच राहतं. म्हणून न हलताही माणूस घामाघूम होतो.

१९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाने शिरकाव केला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. खांबावर परदेशी पोरंही अढी मारत होती. पहिल्यांदा अढी शिकणाऱ्याची कथा मात्र कुठेही एकच: त्या दिवशी मांड्या लाल होतात, आणि दुसऱ्या दिवशी मांडी घालून जेवायला बसताना ते पाचही स्नायू आपापली जागा बरोबर सांगतात.