ताव, घडी आणि फर्मा

एका तावावर अनेक पृष्ठे छापण्याची युक्ती कागदाच्या काटकसरीतून जन्मली असावी, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु आरंभकाळापुरता तरी तो टिकत नाही, कारण खिळे त्याच आकाराचे राहिले तर तावाच्या कितीही घड्या घातल्या तरी त्यावर एक ओळही अधिक मावत नाही. वाचत होते ते यंत्र चालवणाऱ्याचे श्रम. माइन्झ येथे 1455 च्या सुमारास पूर्णत्वास गेलेल्या गुटेनबर्गच्या बायबलात प्रत्येक ताव एकदाच दुमडलेला, म्हणजे चार पृष्ठांचा. पण त्या यंत्राचा दाब एका वेळी एकाच पृष्ठावर पडत असल्यामुळे तोच ताव चार वेळा यंत्राखाली घालावा लागे. पुढे 1470 च्या दशकात खिळ्यांचा पाट सरकवून एका बाजूचे दोन्ही अर्ध लागोपाठ दोन दाबांत उमटवण्याची सोय झाली, आणि संपूर्ण तावाच्या मापाची चौकट भरण्यास प्रत्यवाय उरला नाही. 1501 साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने व्हर्जिलचे काव्य तिरप्या, दाट खिळ्यांत आणि तीन घड्यांच्या तावावर छापले, तेव्हा मात्र काटकसरही पदरात पडली.

तीन घड्यांची आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे. ती वाचनक्रमाने मांडली तर घडीनंतर सारा गोंधळ उडतो. म्हणून खिळ्यांच्या चौकटीत खालच्या रांगेत डावीकडून 1, 16, 13, 4 आणि वरच्या रांगेत, त्यांच्या डोक्याला डोके लावून उलटी, 8, 9, 12, 5 ही पृष्ठे बसवतात, व उरलेली आठ मागल्या बाजूच्या चौकटीत जातात. शिलाईच्या घडीवर शेजारी आलेल्या कोणत्याही दोन पृष्ठांची बेरीज सतराच भरते. नवख्याने कोरा कागद दुमडून, त्याच्या कोपऱ्यांवर आकडे घालून तो उलगडून पाहावा. पाठांतराहून ते बरे.

आपल्याकडील मुद्रकांनी या भरलेल्या चौकटीला फर्मा म्हटले, पुस्तकांची मापे क्राउन सोळापेजी, डेमी आठपेजी अशी रूढ केली, आणि प्रकाशकाचा हिशेब पृष्ठांवरून फर्म्यांवर गेला. अखेरच्या फर्म्यातील रिकाम्या पृष्ठांवर आगामी ग्रंथांच्या जाहिराती येतात, त्याचे कारण हेच. लेखकाला त्यात प्रकाशकाची हाव दिसते, वस्तुतः ती भागाकाराची बाकी असते.

कचेरीतील आजचे मुद्रणयंत्र एका कागदावर दोन वा चार पृष्ठे उतरवते, त्याला मात्र या कुळातले म्हणण्यास मन धजत नाही. कारण तेथे पृष्ठे आपल्या क्रमानेच राहतात, केवळ आक्रसतात. ती इतकी नेटकी बसतात याचे श्रेय जर्मनीत 1922 साली वाल्टर पोर्स्टमानच्या परिश्रमाने ठरलेल्या कागदमापांस द्यावे लागेल. लांबी रुंदीच्या दोनाच्या वर्गमूळपट ठेवली की ताव निम्मा केला तरी आकृती तीच राहते, हे लिख्टेनबेर्गने 1786 सालीच एका पत्रात लिहून ठेवले होते. त्यामुळे ए-4 ची दोन पृष्ठे सुमारे 71 टक्क्यांवर आणली की एकाच ए-4 वर नेमकी मावतात. जुना फुलस्केप निम्मा केला की त्याची आकृतीच पालटे. त्याच यंत्राकडे आठ पृष्ठांची पुस्तिका मागितली, तर मात्र ते पहिल्याशेजारी आठवे आणि दुसऱ्याशेजारी सातवे पृष्ठ मांडते, आणि तेथे प्रत्येक जोडीची बेरीज नऊ येते.