सांधा : दुरुस्त करावा कीं बदलावा?

यंत्राचा इतिहास बहुधा त्याच्या शोधकांच्या नांवांनीं लिहिला जातो. तें यंत्र झिजूं लागल्यावर कोणीं दुरुस्त केलें, त्यास खर्च किती आला आणि अखेरीस तें केव्हां टाकून देण्यांत आलें, हा दुसरा इतिहास मात्र अलिखितच राहतो. वास्तविक यंत्राचें बहुतेक आयुष्य या दुसऱ्या इतिहासांतच जातें. मोटारींतील ज्या दांड्यास आपण ड्राइव्ह शाफ्ट म्हणतों, त्याच्या उदाहरणानें या उपेक्षित इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असा आमचा हेतु आहे. मध्यमवर्गीय गृहस्थास हा विषय परका नाहीं. गाडी वळतांना पुढच्या चाकापाशीं 'टक् टक्' असा आवाज येऊं लागतो. मिस्त्री "एक्सल गेला, नवाच घालावा लागेल" असें सांगतो. आणि त्या महिन्याच्या जमाखर्चाची घडी विस्कटते. दुरुस्ती कीं बदल, हा निर्णय त्या वेळीं मिस्त्रीच्या मर्जीवर आहे असें आपणांस वाटतें. परंतु तो बराचसा आधींच, कारखान्यांत गाडीचा नकाशा निघाला त्याच वेळीं, झालेला असतो. तो कसकसा होत गेला हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम या दांड्याची अडचण समजून घेऊं. इंजिन गाडीच्या सांगाड्यास बांधलेलें असतें. चाकें मात्र कमानींवर खालींवर होत असतात. तेव्हां इंजिनाची गति चाकांपर्यंत नेणारा दांडा सरळ व अखंड असून चालत नाहीं. फिरतां फिरतां त्यास वांकतां आलें पाहिजे. ही किमया करणारा सांधा मोटारीहून फार जुना आहे. इटालियन वैद्य व गणिती जिरोलामो कार्दानो यानें १५५० सालच्या आपल्या ग्रंथांत एकांत एक अडकविलेल्या कड्यांच्या टांगणीचें वर्णन केलें होतें. ती कल्पना आपली आहे असें त्यानें म्हटलेलें नाहीं. तरी फ्रेंच व जर्मन भाषांत या दांड्यास आजही त्याच्याच नांवानें 'कार्दान' म्हणतात. पुढें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७६ सालीं अशा सांध्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन दुबेळकीं आणि त्यांस जोडणारी मधली चौफुली, एवढीच त्याची रचना. या चौफुलीसच आपले मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात. या सांध्यांत एक दोष आहे. अलीकडचा दांडा एकसारख्या वेगानें फिरत असला, तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतो. दांड्याच्या दोन्ही टोकांस असे दोन सांधे योग्य तऱ्हेनें बसविले, तर एकाचा दोष दुसरा फेडून टाकतो.

पहिल्या मोटारी पुष्कळदां सायकलप्रमाणें साखळीनें चालत. साखळी धूळ खाई, ताणे, तुटे. पण तिची एखादी कडी बदलणें सामान्य लोहारासही जमण्यासारखें होतें. लुई रेनो यानें १८९८ सालीं आपल्या छोट्या गाडींत साखळी सोडून सांध्यांचा दांडा घातला, आणि हळूहळू तीच पद्धत रूढ झाली. तथापि त्या वेळचे सांधे उघडेच असत. वंगण बाहेर उडून जाई व धूळ आंत शिरे. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसर यानें या सांध्यास बंदिस्त आवरण घालण्याची युक्ति काढली, १९०३ सालीं तिचें पेटंट मिळविलें आणि १९०४ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील प्लेनफील्ड येथें तिचा कारखाना काढला. सांध्याचें आयुष्य त्याच्या पोलादाइतकेंच त्याच्या आवरणावर अवलंबून असतें, हा धडा तेव्हांच मिळाला होता. तो पुढें पुन्हां आपल्या कामीं येणार आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दुरुस्ती आणि बदल यांस आज आपण एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजतों. पण इतिहास निराळेंच सांगतो. १७८५ सालीं टॉमस जेफर्सन पॅरिस येथें अमेरिकेचा वकील असतांना त्यानें ऑनोरे ब्लाँ नांवाच्या बंदूककाराचें काम पाहिलें. बंदुकीच्या चापांचे सुटे भाग एकत्र मिसळून ठेविलेले होते. हातास येतील ते भाग घेऊन जेफर्सननें स्वतः कित्येक चाप जुळविले, व ते बिनचूक बसले. त्यानें मायदेशीं लिहिलेल्या पत्रांत या पद्धतीचा जो लाभ मुख्यतः सांगितला, तो शस्त्रांच्या दुरुस्तीचा होता. मोटारींच्या बाबतींत हेंच १९०८ सालीं इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें सिद्ध झालें. कॅडिलॅकच्या ३ गाड्या पूर्णपणें खोलून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कोठारांतले नवे घातले. आणि त्या ढिगांतून पुन्हां उभ्या केलेल्या तिन्ही गाड्या ५०० मैल चालविल्या. कानस लावून, ठोकून, घासून भाग बसविण्याची गरज उरली नाहीं. सारांश, बदली भाग जन्मास आला तो दुरुस्तीचा शत्रु म्हणून नव्हे, तर तिचा सेवक म्हणून.

आपल्या देशांत ही गाडी आली तेव्हां दुरुस्तीची एक जुनी परंपरा येथें नांदत होती. गांवचा सुतार व लोहार बैलगाडीची व औतांची दुरुस्ती बलुत्यावर करीत. वर्षाच्या सुगीस धान्याचा ठराविक वांटा मिळत असल्यामुळें दर खेपेस नवें काम काढण्यांत त्यांचा फायदा नव्हता. उलट केलेलें काम टिकण्यांतच त्यांची सोय होती. मोटारीच्या मिस्त्रीस असें बलुतें नव्हतें, पण दुरुस्तीकडे त्यास दुसऱ्या कारणानें वळावें लागलें. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९२८ पासून मुंबईंत गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सनें १९५४ सालीं येथील काम थांबविलें. आणि जुन्या परदेशी गाड्यांस सुटे भाग मिळेनासे झाले. मग लेथवर नवी बुशें कातणें, झिजलेल्या अंगावर वेल्डिंगचा थर चढवून तें पुन्हां मापास आणणें, एका गाडीचा क्रॉस दुसरीस बसविणें, हें मिस्त्रीचें नित्यकर्मच झालें. बंगालमधील ॲम्बॅसडर आणि शेट वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत होणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, या दोन्ही मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाड्या होत्या. त्यांच्या लांब दांड्याचा क्रॉस झिजला, तर चार वाट्या, त्यांतील सुईसारखे बारीक रूळ आणि चौफुली एवढाच संच विकत आणावा. पकडींत धरून जुना ठोकून काढावा व नवा दाबून बसवावा. दांडा तोच राही.

या काळाचें गुणगान करतांना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. दांडा मिनिटास हजारों फेरे घेतो. वेल्डिंगनें त्याची एक बाजू किंचित् जड झाली किंवा जोडतांना दुबेळक्यांचा मेळ चुकला, तर सारी गाडी थरथरते, आणि वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर होतो. टंचाईनें शिकविलेली प्रत्येक युक्ति शहाणपणाचीच होती, असें मानण्याचें कारण नाहीं.

यानंतर गाडीची रचनाच पालटली. फोर्ड कंपनींतील अभियंता आल्फ्रेड झेपा यानें १९२६ च्या सुमारास असा सांधा योजिला, कीं ज्यांत चौफुलीऐवजीं वक्र खोबणींतून फिरणाऱ्या ६ पोलादी गोळ्या असतात व कोणत्याही कोनांत वेग एकसारखा राहतो. पुढचीं चाकें वळतातही आणि गाडी ओढतातही, तेथें असाच सांधा हवा. १९५९ सालच्या इंग्लंडांतील 'मिनी' या लहान गाडीनें तो घरोघर पोंचविला. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० नें तेंच केलें. गोळ्यांच्या खोबणी अत्यंत कठीण केलेल्या व सूक्ष्म मापानें घासलेल्या असतात. गल्लींतल्या लेथचें तेथें कांहीं चालत नाहीं.

म्हणून या सांध्याच्या बाबतींत काटकसर कोणती, हें नीट समजून घ्यावें. सांध्यावर रबरी घडीचें आवरण असतें. त्यास 'बूट' म्हणतात. तो फाटला पण आवाज सुरू झाला नाहीं, तर सांधा धुऊन, तपासून, योग्य ग्रीस भरून नवा बूट चढवावा; हा खर्च नव्या दांड्याच्या मानानें अगदीं थोडा. आवाज सुरू झाला असेल, तर खोबणी खरवडल्या गेल्या असें बहुधा समजावें. मग ग्रीस भरणें म्हणजे केवळ मुदत मागून घेणें होय. अशा वेळीं बाहेरचा सांधा एकटा मिळतो काय, हें विचारावें. मिळत असल्यास अखंड दांडा घेण्याचें प्रयोजन नाहीं. जुना दांडा सुधारून विकणारेही असतात. त्यांपैकीं खोबणी पुन्हां घासून किंचित् मोठ्या गोळ्या घालणाऱ्याचें काम चांगलें. नुसता रंग व नवा बूट चढविणाऱ्याचें काम नव्हे. स्पायसरचा धडा येथें पुन्हां आठवतो : सर्वांत महाग भागाचें आयुष्य सर्वांत स्वस्त आवरणाच्या हातीं असतें.

परंतु बाहेरचा सांधा एकटा मिळेल कीं नाहीं, हें ठरवितो कोण? खऱ्या वादाचें मूळ येथें आहे. लांब दांड्यांचे क्रॉसदेखील पुढें कित्येक गाड्यांत अशा रीतीनें ठोकून पक्के केले जाऊं लागले, कीं ते काढण्याची सोयच राहिली नाहीं. चौफुली झिजली कीं दांडा फेंकावा. यांत कारखानदाराचा केवळ लोभ आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. अशी जोडणी जलद व स्वस्त होते. आणि जेथें कारागिराच्या तासाचा दर वस्तूच्या किमतीहून अधिक, तेथें अखंड भाग बदलणेंच परवडतें. पण तोच नकाशा जेव्हां आपल्या देशांत येतो, तेव्हां हिशेब उलटा होतो. येथें हात स्वस्त आणि वस्तु महाग. परक्या मजुरीच्या दरावर आंखलेल्या गाडीचा भुर्दंड येथल्या गृहस्थानें भरावा, आणि येथल्या मिस्त्रीनें हातचें कसब विसरून खोके उघडणारा हमाल व्हावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

ही तक्रार केवळ आमची नव्हे. २०१४ च्या ऑगस्टांत भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार-कंपन्यांस एकूण २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांपर्यंत पोंचूं न देणें, हा त्यांवरील आरोपाचा गाभा होता. त्या निर्णयावर अपिलें झालीं. पण प्रश्न सार्वजनिक झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत २०१२ सालीं मोटार दुरुस्तीच्या हक्काचा कायदा झाला, आणि आपल्या केंद्र सरकारनेंही २०२२ सालीं या हक्काच्या विचारासाठीं समिति नेमली.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या धुरासाठीं वा खडखडाटासाठीं अश्रु गाळण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्याबरोबर जी एक समजूत रूढ होती, ती जाऊं देऊं नये : झिजलें असेल तेवढेंच बदलावें. दुरुस्ती कीं बदल, हा प्रश्न आम्हांस मुळांतच चुकीचा मांडलेला वाटतो. किती लहान भाग बदलतां येईल, हा खरा प्रश्न आहे. आणि तो भाग जितका लहान, तितकें गृहस्थाचें व कारागिराचें स्वातंत्र्य मोठें.