वक्फची कुळकथा: खैबर ते सांता क्लारा

वक्फची, म्हणजे मूळ मालमत्ता राखून तिचे उत्पन्न धर्मादायाला लावण्याच्या प्रथेची, सुरुवात एका शेतजमिनीपासून झाली असे मानले जाते. इ.स. 628 मध्ये अरबस्तानातील खैबरची सुपीक जमीन मुस्लिमांच्या ताब्यात आली. तिचा एक वाटा पैगंबरांचे सहकारी उमर इब्न खत्ताब यांना मिळाला. या जमिनीचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ जमीन राखावी आणि उत्पन्न दान करावे, असे उत्तर मिळाल्याचे हदीस सांगते. त्याप्रमाणे उमर यांनी ती गरीब, नातलग, गुलाम आणि वाटसरू यांच्यासाठी लावून दिली. ती विकता, बक्षीस देता किंवा वारसांत वाटता येणार नव्हती. राखणाऱ्याने तिच्यातून पोटापुरते घ्यावे, मात्र संपत्ती साठवू नये, अशीही अट होती.

नवव्या शतकात हिलाल अल-राय आणि अल-खस्साफ या कायदेपंडितांनी वक्फच्या नियमांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. दाता म्हणजे वाकिफ, व्यवस्था पाहणारा मुतवल्ली आणि देखरेख करणारा काझी म्हणजे न्यायाधीश, अशी मांडणी पक्की झाली. दात्याने वक्फनाम्यात लिहिलेला हेतू मुतवल्लीवर बंधनकारक असे.

जकात आणि वक्फ यांतील भेद इथे कळीचा आहे. जकात हे दरवर्षीचे सक्तीचे दान आहे. साठवलेल्या संपत्तीवर अडीच टक्के या दराने ते निघते आणि गरजूंच्या हाती जाऊन खर्च होते. वक्फ ऐच्छिक असते आणि त्याचे मूळ भांडवल टिकून राहते. म्हणूनच रुग्णालय, पाणपोई, सराई यांसारख्या शहरांच्या कायमच्या गरजांना वक्फचा आधार मिळाला. कैरोत सुलतान कलावून यांनी 1284 मध्ये उभारलेले रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चाले. ऑटोमन सुलतान सुलेमान यांची पत्नी हुर्रेम हिने 1552 मध्ये जेरुसलेमात अन्नछत्र स्थापले. पॅलेस्टाइनमधील गावांच्या महसुलातून तिथे रोज सुमारे 400 गरिबांना भाकरी आणि सूप मिळत असे. सोळाव्या शतकात ऑटोमन शहरांत रोकड वक्फही रूढ झाले. ठेवलेली रक्कम कर्जाऊ देऊन तिच्या नफ्यातून धर्मादाय कामे चालत. हा नफा निषिद्ध व्याजच आहे, असा आक्षेप धर्मपंडित बिर्गिवी यांनी घेतला. मुख्य मुफ्ती अबुस्सूद यांनी मात्र ही प्रथा मान्य केली.

महाराष्ट्रात वक्फची ओळखीची खूण म्हणजे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते. त्याच्या जोरावर चक्की फिरे आणि फकीर व यात्रेकरू यांच्या भाकरीचे पीठ निघे. पुढे भारतात ब्रिटिश काळात वक्फबाबत कायद्याचा पेच उभा राहिला. कुटुंबाच्या लाभासाठी केलेले आणि गरिबांचा वाटा नाममात्र राखणारे वक्फ लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1894 मध्ये अवैध ठरवले. 1913 च्या कायद्याने ते पुन्हा वैध झाले.

अमेरिकेत वक्फचा वेगळा कायदा नाही. तिथे ही प्रथा ना-नफा संस्थेच्या चौकटीत बसवावी लागते. इंडियाना राज्यात 1973 मध्ये स्थापन झालेला नॉर्थ अमेरिकन इस्लामिक ट्रस्ट अनेक मशिदींची मालकी वक्फ म्हणून सांभाळतो. करमुक्त धर्मादाय संस्थेची मालमत्ता धर्मादाय हेतूलाच बांधलेली असते. संस्था बंद पडली तरी ती दात्याकडे परतत नाही. उमर यांच्या अटीशी हे जुळते. संस्थेचे उत्पन्न चालकांच्या खासगी लाभासाठी वळवता येत नसल्याने कौटुंबिक वक्फला मात्र तिथे जागा नाही. कॅलिफोर्नियात काझीच्या देखरेखीसारखे काम राज्याच्या महान्यायवादीकडे असते. कायम निधीचे मूळ राखण्यावरही कायद्याचा भर आहे. 2009 पासून तिथे एका वर्षात निधीच्या किमान तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या 7 टक्क्यांहून अधिक खर्च झाला, तर तो अविवेकी असल्याचे प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते.

याच कॅलिफोर्नियातले सांता क्लारा हे सिलिकॉन व्हॅलीतील शहर आहे. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि अरब देशांतून आलेली कुटुंबे या खोऱ्यात राहतात. मुस्लिम कम्युनिटी असोसिएशन या संस्थेचे केंद्र इथल्या स्कॉट बुलेव्हार्डवर आहे. याच शहरातील रहिमा फाउंडेशन 1993 पासून सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील गरजूंना अन्न आणि आर्थिक मदत पोहोचवते. तिचा मुख्य आधार जकात आणि देणग्या हा आहे. या खोऱ्यात घरभाडे फार चढे आहे. नोकरी गेलेल्या किंवा नव्याने आलेल्या कुटुंबाला भाडे थकले की छप्पर गमावण्याची भीती असते. अशा वेळी तातडीची मदत अनमोल ठरते.

तरीही जकातीचा ओघ देणाऱ्यांच्या त्या-त्या वर्षीच्या साठवलेल्या संपत्तीवर अवलंबून असतो. मंदीत तो आटतो आणि मागणी नेमकी तेव्हाच वाढते. भाड्याचे उत्पन्न देणारी इमारत किंवा व्याजमुक्त गुंतवणुकीतला निधी गरिबांच्या नावे वक्फ केला, तर ही तूट भरून निघू शकते. त्यासाठी वक्फनाम्यात गरिबांचा वाटा स्पष्ट लिहिलेला असावा, हिशेब उघडे असावेत आणि व्यवस्थापकाने रास्त मेहनतान्यापलीकडे काही घेऊ नये. खैबरच्या जमिनीला लागू केलेली शिस्त आजच्या शहरातही तितकीच आवश्यक आहे.