पिंजऱ्यातील जिताडा : जिवाणूजन्य रोगांची ओळख आणि व्यवस्थापन

जिताडा हा समुद्र, खाडी आणि गोडे पाणी अशा तिन्ही ठिकाणी तग धरणारा मासा आहे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर बीजासाठी केवळ निसर्गावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. कोकणात आता खाडीतील पिंजऱ्यांमध्येही त्याचे संवर्धन होते. या पद्धतीत मोठी जोखीम जिवाणूजन्य रोगांची असते. तलाव रिकामा करून वाळवता येतो, त्यात चुना टाकता येतो. पिंजऱ्यातून मात्र सतत खाडीचे पाणी वाहत असते आणि ते निर्जंतुक करणे शक्य नसते. त्यामुळे माशाची त्वचा शाबूत ठेवणे आणि त्याच्या भुकेवर रोज लक्ष ठेवणे, या दोन गोष्टींवर रोगनियंत्रणाचा भर असावा.

रोग का होतो?

व्हिब्रिओ गटातील जिवाणू समुद्राच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या असतातच. निरोगी माशाची त्वचा आणि तिच्यावरील बुळबुळीत थर त्यांना अडवतो. हाताळणी, जाळ्याचे घर्षण किंवा बाह्य परजीवींमुळे हा थर फाटला, की जिवाणूंना वाट मिळते. प्राणवायूची कमतरता, जास्त घनता आणि पावसाळ्यात एकाएकी घटणारी क्षारता यांमुळे माशाची प्रतिकारशक्तीही कमी होते.

जिताड्यामध्ये आणखी एक अडचण आहे. हा मासा स्वजातिभक्षक आहे. लहान-मोठी बोटुकली एकत्र राहिल्यास मोठी लहानांना खातात किंवा चावून जखमी करतात. म्हणून प्रतवारी करावीच लागते, पण घाईने केलेल्या प्रतवारीतही खवले निघतात आणि जखमा होतात. अनेकदा रोगाचा प्रादुर्भाव प्रतवारी किंवा वाहतुकीनंतर काही दिवसांतच दिसतो, त्याचे कारण हेच.

प्रमुख रोग आणि लक्षणे

* व्हिब्रिओसिस : मासा काळपट पडतो, खाणे सोडतो. परांच्या मुळाशी आणि पोटाखाली लाल ठिपके, पुढे उघड्या जखमा होतात. मासा चिरल्यास आतील अवयवांवर रक्तस्राव दिसतो.
* टेनॅसिबॅक्युलम संसर्ग : तोंड झिजते, पर आणि शेपटी कुजते, त्वचेवर राखाडी-पिवळसर चट्टे दिसतात. हाताळणीनंतर बोटुकलींमध्ये हा संसर्ग विशेष आढळतो.
* स्ट्रेप्टोकोकस संसर्ग : डोळे बाहेर येतात किंवा पांढरे पडतात. जिवाणू मेंदूपर्यंत पोहोचल्यास मासा गोल फिरत पोहतो. उष्ण पाण्यात प्रमाण वाढते.

केवळ लक्षणांवरून निदान करू नये. लाल जखम एकापेक्षा अधिक जिवाणूंमुळे होते. लहान जिताडा गोल फिरत पोहत असल्यास नोडा विषाणूचीही शक्यता असते आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. व्हिब्रिओ हा ग्रॅम-निगेटिव्ह, तर स्ट्रेप्टोकोकस ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू आहे. त्यामुळे एकावर चालणारे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

औषध उशिरा का पडते?

पिंजऱ्यात औषध खाद्यातूनच द्यावे लागते, पण आजारी मासा सर्वांत आधी खाणे सोडतो. परिणामी निरोगी मासे औषध खातात, आजारी उपाशी राहतात आणि न खाल्लेले औषधी खाद्य खाडीत जाऊन आजूबाजूच्या मासळीच्या पोटात जाते. यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय प्रतिजैविके वापरू नयेत. औषध दिलेच, तर विक्रीपूर्वीचा प्रतीक्षा काळ काटेकोर पाळावा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांच्या वापरावर मत्स्यपालनात बंदी आहे.

नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथील सॅमन पालनात १९८७ मध्ये सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. पुढे परिणामकारक लसी आणि पिंजऱ्यांच्या जागांचे नियोजन यामुळे उत्पादन अनेक पटींनी वाढूनही हा वापर ९५ टक्क्यांहून अधिक घटला. अर्थात लस ही नेमक्या जिवाणूविरुद्धच काम करते. ऑस्ट्रेलियात लसीकरण केलेल्या जिताड्यातही स्ट्रेप्टोकोकसचे बदललेले प्रकार आढळले आहेत. म्हणून अचूक निदान हीच पहिली पायरी ठरते.

प्रतिबंधात्मक उपाय

* एकसारख्या आकाराची, रोगतपासणी केलेली बोटुकली घ्यावी.
* प्रतवारी सकाळी, थंड वेळेत करावी. त्याआधी एक दिवस खाद्य बंद ठेवावे. गाठी नसलेले मऊ जाळे वापरावे आणि मासे पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवावेत.
* भांगाच्या दिवसांत पाण्याची हालचाल कमी असते. या काळात प्रतवारी किंवा जाळे बदलणे टाळावे. पहाटे प्राणवायू तपासावा.
* शेवाळ आणि शिंपल्यांनी जाळ्याची आस बुजण्यापूर्वी जाळे बदलावे.
* शिळी, नासलेली मासळी खाद्य म्हणून देऊ नये.
* मेलेले मासे रोज काढावेत. ते खाडीत न टाकता भरतीरेषेच्या वर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.
* आजारी मासे हाताळताना हातमोजे घालावेत. हाताला जखम असल्यास काम टाळावे, कारण यातील काही जिवाणू माणसालाही बाधतात.

नमुना कसा पाठवावा?

प्रत्येक पिंजऱ्यासाठी रोजचे खाद्य आणि मरतूक यांची नोंद ठेवावी. हवामान किंवा पाण्यातील बदलाचे कारण नसताना सलग दोन दिवस खाद्य उरले, तर मरतूक सुरू होण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी मरणासन्न, पण जिवंत असे चार-पाच मासे तपासणीसाठी न्यावेत. मेलेल्या माशात कुजवणारे जिवाणू लगेच वाढतात आणि निदान चुकते. जिवंत नेणे शक्य नसल्यास मासे पिशवीत घालून बर्फात ठेवावेत, गोठवू नयेत आणि काही तासांत पोहोचवावेत.

मासे खाऱ्या पाण्यातील आहेत, हे प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे. टेनॅसिबॅक्युलम जिवाणू समुद्राच्या पाण्यावर आधारित माध्यमाशिवाय वाढत नाही. साध्या माध्यमावर काहीच न उगवल्यास ‘जिवाणू नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. पाण्याचे तापमान, क्षारता, शेवटच्या प्रतवारीची तारीख आणि आधी दिलेली औषधे यांची माहिती नमुन्यासोबत द्यावी. मार्गदर्शनासाठी रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, मुंबईतील केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था किंवा जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. अहवाल येईपर्यंत खाद्य कमी करावे, प्रतवारी थांबवावी आणि त्या पिंजऱ्याची जाळी व साधने दुसऱ्या पिंजऱ्यासाठी वापरू नयेत.