राजगड ते तोरणा : एका डोंगरधारेचा इतिहास

श्रोतेहो, किल्ल्यांचा इतिहास आपण बहुधा नकाशावरच्या ठिपक्यांसारखा वाचतो. अमुक साली अमुक गड घेतला, तमुक साली तो गेला, अशी जंत्री आपल्याला पाठ असते. परंतु या गडाचे त्या गडाशी नाते काय, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. म्हणून आज आम्ही दोन गडांपेक्षा त्यांच्या मधल्या वाटेविषयीच अधिक बोलणार आहो. ते दोन गड म्हणजे पुणे जिल्ह्यातील राजगड आणि तोरणा. त्यांना जोडणारी दहाबारा किलोमीटरांची डोंगरधार पायांखाली घातल्यावाचून त्यांचा इतिहास अर्धाच कळतो, असे आमचे म्हणणे आहे; आणि नवख्या माणसालाही ती तीन दिवसांत नीट पाहता येते.

पोखर्णीच्या सपाट काळ्या रानात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. डोंगर हा पुण्यासाताऱ्याकडच्या मंडळींचा प्रांत, असा आपल्याकडे समज आहे. पण भूगोल तसे सांगत नाही. हरिश्चंद्रगडापाशी सह्याद्रीचा एक फाटा फुटतो आणि बीड जिल्ह्यातून आग्नेयेकडे उतरत गोदावरीपलीकडे, गंगाखेडच्या दक्षिणेस येऊन पोहोचतो. त्यालाच आपण बालाघाट म्हणतो. म्हणजे सह्याद्री आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपणच त्याच्याकडे गेलेलो नाही. चालण्याचे म्हणाल, तर शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी याच मार्गाने जाते. पाठीवर बेताचे ओझे घ्यावे, उन्हाआधी निघावे, पाण्याची जागा विचारून ठेवावी, हे शास्त्र आपल्या वारकऱ्यांस कोणी शिकवायला नको. ज्यांच्या घरची माणसे अशी दिवसच्या दिवस चालली, त्यांच्या मुलानातवंडांनी तीन दिवसांच्या वाटेला का भ्यावे?

आता धार म्हणजे काय ते पाहू. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला काळ्या पाषाणाचा डोंगर. पावसाने व ओढ्यांनी तो दोन्ही अंगांनी कोरला, खोरी झाली, आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये जी भिंत उरली ती धार. खालच्या माणसाला आपले एकच खोरे दिसते. धारेवरच्या माणसाला दोन्ही दिसतात. राजगडाहून तोरण्याकडे चालू लागले की डाव्या हाताला वेळवंडीचे खोरे व भाटघर धरणाचे पाणी राहते, उजव्या हाताला गुंजवणी-कानंदीचा मुलूख. मावळच्या राजकारणात या एवढ्या गोष्टीला केवढे मोल होते, ते पुढील घटनांवरून ध्यानात येईल.

१६४६-४७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. त्याची डागडुजी चालू असता तेथे धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधण्याच्या कामी आले, अशी परंपरागत हकीकत आहे. धनाची गोष्ट कशीही असो, तोरण्यासारखा उंच गड हाती असताना राजांनी आपले बिऱ्हाड त्याच धारेच्या दुसऱ्या टोकास केले, एवढे निश्चित. तोरण्याची उंची सुमारे १४०० मीटर. पण माथ्यावर जागा तोकडी. राजगडास बालेकिल्ला, आणि त्याच्या भोवती पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन ऐसपैस माच्या. राजधानी रायगडावर जाईपर्यंत सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार येथूनच चालला.

१६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले आणि बारा उरले. त्या बारांत राजगडही होता आणि तोरणाही. म्हणजे संकटाच्या त्या घटकेसही ही धार तुटू दिली नाही. पुढच्याच वर्षी महाराज आग्र्यास गेले ते राजगडाहून, आणि सुटून परतले तेही राजगडावर.

याची उलट बाजूही पाहावी. १७०३ च्या अखेरीस औरंगजेबाने राजगडास वेढा घातला. १७०४ च्या फेब्रुवारीत गड पडला आणि मार्चमध्ये, रात्री माणसे वर चढवून, तोरणाही घेण्यात आला. बादशहाने राजगडास नबीशाहगड आणि तोरण्यास फुतुहुल्गैब अशी नावे दिली. धारेचे एक टोक गेले, आणि महिन्याभरात दुसरे गेले. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज पाहताना हे आठवावे. ती माची या धारेच्या दिशेने पुढे सरकलेली आहे. जी वाट मित्राला आणते तीच शत्रूलाही आणील, हे बांधणाऱ्याने ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. यादीला मर्यादा असावयाचीच, तक्रार नाही. परंतु यादीत एकच नाव आहे म्हणून एकच गड पाहून परतणे हे मात्र आपण टाळावे.

तेव्हा जाणाऱ्याने कसे जावे? पहिल्या दिवशी पालीच्या बाजूने राजगड चढावा आणि दिवसभर गड पाहावा. दुसऱ्या दिवशी पहाटे संजीवनी माचीकडून, अळू दरवाजाने उतरून धारेस लागावे. मध्ये एका खिंडीत मोटारीचा रस्ता आडवा येतो. ज्याचे पाय थकले त्याने संकोच न करता तेथून खाली जावे. पुढे चढ लागतो तो तोरण्याच्या बुधला माचीचा. तिसऱ्या दिवशी तोरणा पाहून, मेंगाई देवीचे दर्शन घेऊन बिनी दरवाजाने वेल्ह्यास उतरावे. गडावर मुक्कामास मुभा आहे की नाही, हे पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारावे. नसेल तर पायथ्याच्या गावी राहून तसा बेत आखावा. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात धुके वाट गिळते आणि खडक निसरडा होतो. नवख्याने तेव्हा जाऊ नये. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी तीनचार लिटर पाणी बरोबर घ्यावे, आणि वाट जाणणारा एक गावकरी सोबत घ्यावा. त्याची मजुरी ही त्या डोंगराचीच कमाई समजावी.

राजांच्या नावाचा जयघोष आपण सर्वच करतो आणि तो करावाच. परंतु राजांनी येथेच का राहावे, हेच दोन गड का राखावे, याचे उत्तर घोषणेत सापडत नाही. ते दोन्ही खोरी एकदम दिसतील अशा जागी उभे राहिल्यावर सापडते. आपल्या शाळांतील मुले सहलीस निघतील तेव्हा मोटार पायथ्याशी उभी करून, छायाचित्र घेऊन परतण्याऐवजी त्यांना ही धार चालू द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.