आग नेमकी कुठे आहे? स्फोटक जागेत डोळा ठेवण्याचा इतिहास

14 एप्रिल 1944, दुपारचे सुमारे दोन. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकाइन’ या जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खणातील आग खलाशांच्या ध्यानात आली. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती. शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी.

हा स्फोट पुष्कळांना माहीत असतो तो सोन्याच्या विटांमुळे. जहाजावरचे सोने उडून शहरात पडले, हा प्रसंग आजही रंगवून सांगितला जातो. मला मात्र स्फोटापूर्वीचे दोन तास अधिक विलक्षण वाटतात.

त्या दोन तासांत जहाजात 900 टनांहून अधिक पाणी ओतले गेले. आतल्या उष्णतेने ते पाणी उकळू लागले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ स्थान कुणालाही सापडले नाही. आमची वडवणी कापसाच्या मुलखातली. जिनिंगवर राबलेला कोणीही सांगेल की, घट्ट दाबलेली गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. बंबवाले खणावर उभे राहून अंदाजाने पाणी मारत होते. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सुमारे 1,700 किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापकाने त्याची नोंद घेतली. मृतांचे अंदाज 800 पासून 1,300 पर्यंत जातात; त्यांत अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान होते. 14 एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

दुरून पाहणारा कॅमेरा तेव्हा अस्तित्वात होता का? होता. 1942 मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथे वाल्टर ब्रुख या अभियंत्याच्या यंत्रणेने अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पडद्यावर पाहिले गेले. बंदिस्त दूरचित्रवाणीचे हे अगदी आरंभीचे उदाहरण. पण तो कॅमेरा उघड्यावर होता. ज्वलनशील वाफेने भरलेल्या जागेत कॅमेरा नेला, तर प्रश्न उलटतो: कॅमेरा हे विजेचे उपकरण, आणि विजेची एक ठिणगी पुरेशी असते.

हा पेच कोळसा खाणींनी आधीच भोगला होता. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधील सेंघेनिड खाणीत 439 कामगार मृत्युमुखी पडले. संशयितांमध्ये एक साधी गोष्ट होती: दूरवर इशारा देण्यासाठी बसवलेली विजेची घंटा! तिच्या तारांतील क्षीण ठिणगीही खाणीतला वायू पेटवू शकते, हे व्हीलर आणि थॉर्न्टन यांच्या संशोधनाने दाखवून दिले. पुढे त्यातून विजेची ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडली तरी निरुपद्रवी ठरावी, ही पद्धत घडली.

दुसरी वाट जर्मनीत कार्ल बायलिंग यांच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. वायू पेटीत शिरणारच, हे गृहीत धरायचे. आत स्फोट झाला तरी पेटी फुटू नये इतकी ती भक्कम करायची, आणि सांध्यांतली फट इतकी अरुंद व लांब ठेवायची की ज्वाला बाहेर येईपर्यंत थंड व्हावी. हम्फ्री डेव्हीच्या 1815 च्या दिव्याभोवतीची तारेची जाळी हेच करीत असे. आजचा ‘फ्लेमप्रूफ’ कॅमेरा म्हणजे अशाच जाड धातूच्या पेटीत, जाड काचेमागे बसवलेला डोळा. वजन पाहिले की कॅमेऱ्यापेक्षा तिजोरीच आठवते.

भारतात या उपकरणांना मान्यता देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था, आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. 2002 च्या पेट्रोलियम नियमांत धोक्याच्या जागेचे झोन 0, 1 आणि 2 असे भाग केलेले आहेत. जिथे ज्वलनशील वाफ सतत असते तो झोन 0, आणि केवळ बिघाड झाल्यास येते तो झोन 2. कोणते उपकरण कुठे चालेल, हे त्यावरून ठरते.

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. आपल्या ऊसपट्ट्यातील आसवन्यांमध्ये मळीपासून मद्यार्क आणि इथेनॉल काढतात. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे 13 अंश सेल्सियसलाच पेट घेण्याजोगी होते; आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. हवेत ती वाफ साधारण 3.3 टक्के झाली की ठिणगीची तेवढी उणीव. आणि तिची फिकट निळसर ज्वाला भर उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे तिथे साध्या कॅमेऱ्याच्या जोडीला उष्णता टिपणारा कॅमेरा उपयोगी पडतो. 1944 मध्ये धुराआड जे हरवले होते, ते पडद्यावर उजळ ठिपक्यासारखे उमटते.

मात्र काच पुसायला किंवा वायर बदलायला ती पेटी कधीतरी उघडावी लागते. वीज चालू असताना उघडली, किंवा बंद करताना एखादा बोल्ट राहून गेला, तर तिचे संरक्षण संपले. उरते ती वाफेत लटकणारी विजेची साधी वस्तू. ‘वीज चालू असताना उघडू नये’ ही सूचना अशा पेटीवर कोरलेली असते. बहुधा इंग्रजीत.