माकडताप : दोष वानराचा नव्हे

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात जामसांवली हे गाव आहे. तिथला मारुती उभा नाही, पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. दुखण्यातून सुटका व्हावी म्हणून दूरदूरचे भाविक त्याच्यापाशी येतात. विदर्भाला लागून असलेल्या या मुलखापासून आमच्या गोव्यातील सत्तरीपर्यंत लोकमानसाने वानरात मारुतीच पाहिला. म्हणून वानर मेलेले आढळले, तर अनेक गावांत त्याला हार, गुलाल वाहून माणसासारखा निरोप दिला जातो. या श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु सह्याद्रीच्या काही रानांत मेलेल्या वानराजवळ जाणे जिवावर बेतू शकते, हे इतिहासाने दाखवून दिले आहे.

या इतिहासाचा प्रारंभ १९५७ साली झाला. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे मरून पडू लागली आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसेही तापाने फणफणली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका आल्याने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे धावले. हे केंद्र रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५२ साली सुरू झाले होते. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आदींच्या शोधातून पीतज्वराचा नव्हे, तर एक नवाच विषाणू हाती लागला. त्याचे नाते रशियातील गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी होते.

मग सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असावा, असा तर्क पुढे आला. त्याचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायात कडी घालण्याचे काम हाती घेतले. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण भारतातील पक्षी स्थलांतराच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली.

खरा वाहक होता रानातला गोचीड. अंड्यातून निघाल्यावर तो आयुष्यात तीनदा रक्त पितो. पिल्लू असताना उंदीर, घुशींसारख्या लहान प्राण्यांचे, आणि पूर्ण वाढल्यावर बहुधा गुराढोरांचे. मधल्या अवस्थेत तो तिळाएवढा असतो आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत माणसाला चावतो. जंगल तोडून वस्ती आणि शेती आत सरकली, गुरे रानात चरू लागली, तसे गोचिडांचे फावले. वानर मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरून नवे शरीर शोधतात. त्या जागी गेलेल्या माणसाला ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कधी रक्तस्राव होतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही.

अनेक वर्षे हा आजार शिमोगा आणि भोवतालच्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२ नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडच्या रानांत दिसला. २०१५ साली सत्तरीतील पाली गावात काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याने गाठले आणि २०१६ साली शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तो पोहोचला. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच! बोंडू वेचायला कष्टकरी माणूस खाली वाकतो तो पालापाचोळ्यातच, आणि गोचीडही तिथेच टपून असतात. हंगाम चुकवणे त्याला परवडणारे नसते. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिल्या गेलेल्या लसीचा प्रभाव अपुरा ठरल्याने तिचा वापर थांबला. या तापावर खास औषधही नाही.

आपण या दुखण्याला 'माकडताप' म्हणतो आणि नकळत वानरालाच गुन्हेगार ठरवतो. वास्तवात तेच पहिला बळी असते आणि त्याच्या मरणातून गावाला पहिली सूचना मिळते. ती ऐकायची, तर मेलेल्या वानराला हात न लावता लगेच वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे. ते मृतदेह जाळतात आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत कीटकनाशक फवारतात. अंगभर कपडे, उघड्या त्वचेला गोचीड दूर ठेवणारे तेल आणि घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, एवढे तरी काजूवाल्याने पाळावे. वानराला दुरूनच हात जोडले, तरी मारुतीला ते खचितच पोहोचतील.